टाइप्ड डिक्शनरी जागेवरच लिहायची सोय पायथनमध्ये हवी का?

विश्रामबागकर: सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी आम्ही हळदीच्या पट्ट्यांचं (शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबपावत्यांचं) सॉफ्टवेअर लिहितो. पायथनमध्ये टाइप्डडिक्ट (कोणत्या ‘की’खाली, म्हणजे नोंदीच्या नावाखाली, कुठल्या टाइपची किंमत येईल हे ठरवून दिलेली डिक्शनरी) आवृत्ती ३.८ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे, पण दर वेळी वेगळा क्लास लिहून त्याला नाव द्यावं लागतं. एखादं फंक्शन फक्त वजन आणि पोत्यांची संख्या परत देतं. तेवढ्यासाठी फाइलच्या डोक्यावर ‘वजनआणिपोती’ नावाचा क्लास? पीईपी ७६४ (पायथनमधल्या बदलांसाठीचा क्रमांकित प्रस्ताव) मध्ये सुचवलंय: टाइप्डडिक्टपुढच्या चौकोनी कंसात की आणि तिचा टाइप तिथल्या तिथे लिहून मोकळं व्हा. टाइपस्क्रिप्टवाले हेच करत आलेत. मला हे हवंय. विरोध करा, पण ‘डेटाक्लास (ठरलेल्या फील्डांचा, नाव असलेला क्लास) वापर’ एवढं टाकून पळू नका.

मिरज जंक्शन: डेटाक्लास वापर. पळत नाही, कारणही सांगतो. टाइप्डडिक्ट नाव बघत नाही, आकार बघतो. शेतकऱ्याच्या पट्टीत नाव, वजन, दर; व्यापाऱ्याच्या बिलातही नाव, वजन, दर. पट्टी मागणाऱ्या फंक्शनला बिल दिलं तर मायपाय (कोड न चालवता टाइप तपासणारं साधन) चूं करत नाही. बिलात जास्तीच्या दोन की असल्या तरी चालतं! हमाली, तोलाई कुणाच्या खात्यातून वजा होणार मग? डेटाक्लास तिथेच अडवतो. तुम्ही तर आहे ते नावही काढायला निघालात.

विश्रामबागकर: दादा, पट्टी आणि बिलाला नाव द्यायलाच हवं, त्यात वाद नाही. मी दोन ओळींत जन्मून संपणाऱ्या डिक्शनरीबद्दल बोलतोय.

मिरज जंक्शन: आज दोन ओळी. उद्या घाईत कुणीतरी त्यात तिसरी की घालणार, परवा आत आणखी एक डिक्शनरी. मग एरर मेसेज वाचा बसून, अर्धा स्क्रीन कंसच कंस.

साताऱ्याचा एक: दोघंही चुकीच्या दारावर पहारा देताय राव. चालत्या प्रोग्रॅममध्ये टाइप्डडिक्ट म्हणजे साधी डिक्शनरीच असते, काही तपासत नाही. डेटाक्लासही तपासत नाही, मिरजकर. तुमचा माल येतो कुठून? सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीतून). ती वाचणारा पायथनचा डिक्टरीडर प्रत्येक आकडा स्ट्रिंग (मजकूर) म्हणून देतो, तुम्ही वर कास्ट मारता (‘हा टाइप अमुकच’ असं न तपासता सांगता), मायपाय खूश. हमालीचा दर स्ट्रिंगमध्ये "१२", पोती ३. गुणाकार करून बघा: "१२१२१२". एररही येत नाही. आधी आत येताना तपासणी लावा, सिंटॅक्सचं मग बघू.

मिरज जंक्शन: तपासणी हवीच. पण एकदा तपासलेला माल ओळखायचा कसा? त्यालाच तर नाव लागतं. पट्टी नावाचा क्लास फक्त तपासणीतूनच तयार होऊ दिला, की पुढच्या फंक्शनला शंका नको.

हळदगल्ली: मधेच बोलतो. आमच्याकडे काटा किलोत आणि भाव क्विंटलचा. दोन्ही फ्लोट (दशांशाचे आकडे). जागेवर लिहा नाहीतर क्लासात, ही चूक दोन्हीकडे सुटते. न्यूटाइपने (आहे त्या टाइपला वेगळं नाव देऊन वेगळा मानायची सोय) किलो आणि क्विंटल वेगळे केले तेव्हा बऱ्याच जागा सापडल्या. अर्थात गुणाकार केला की उत्तर पुन्हा साधा फ्लोटच, म्हणजे अर्धंच काम. आणि पैसे फ्लोटमध्ये ठेवू नका रे, डेसिमल (अचूक दशांश हिशेबाचा टाइप) घ्या. जेसनला (डेटा साठवायचा-पाठवायचा मजकुरी साचा) डेसिमल थेट पचत नाही, तेवढं हाताने करावं लागतं.

विश्रामबागकर: किलो-क्विंटल पटलं. पण न्यूटाइप हा टाइपच आहे, तो जागेवरच्या डिक्शनरीतही बसतो. माझी मागणी कायम.

मिरज जंक्शन: आणि माझा विरोध. मात्र फाइलबाहेर जाणाऱ्या फंक्शनवर त्याला बंदी घालणारा लिंटचा (कोडमधल्या खोडी पकडणाऱ्या साधनाचा) नियम असेल, तर खासगी मदतनीस फंक्शनपुरतं चालवून घेईन.