तहकूब ग्रामसभेलाही गणपूर्ती (किमान हजेरी) हवी. पटतंय का?

शिवारातला:
मंडळी, 2 ऑक्टोबरची आमची ग्रामसभा सकाळी दहाची होती. मी सव्वादहाला पोचलो. मारुतीच्या देवळापुढं सतरंजी, टेबलावर गांधीजी आणि शास्त्रीजींच्या फोटोला हार, आणि माणसं अकरा. त्यात सहा सदस्य, एक शिपाई. साडेदहाला ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (नाव बदललं तरी जीभ ग्रामसेवकच म्हणते) "गणपूर्तीअभावी सभा तहकूब" असं प्रोसिडिंगला लिहिलं. आठवड्यानं तीच सभा पुन्हा भरली तेव्हा नऊ जण होते. त्या नऊ जणांनी अख्ख्या गावाचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा मंजूर केला. आणि हे सगळं कायदेशीर आहे बरं का.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. पण एकदा गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला ही अटच उरत नाही. म्हणजे पहिल्या सभेला लोक न येणं हेच सोयीचं! सरपंचानं सभा बोलावली नाही तर त्याचं पद जाऊ शकतं, पण बोलावलेल्या सभेला कुणीच आलं नाही तर कुणाचंच काही जात नाही.

आता आराखड्यात काय होतं ते ऐका. संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची 17 ध्येयं गावासाठी 9 संकल्पनांमध्ये बसवलीत. आमच्या गावानं त्यातली "जलसमृद्ध गाव" निवडली. का निवडली ते कुणालाच सांगता आलं नाही. त्यासाठी कामं धरलीत दोन बोअर आणि एक टाकी. जुन्या पाझर तलावाचा गाळ काढायचं नाव नाही. पंधराव्या वित्त आयोगानं 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला, पण त्या पाण्याचं नेमकं काय करायचं हे ठरवायला नऊ माणसं.

माझं म्हणणं एवढंच की ही पळवाट बंद करा. तहकूब सभेलाही तीच गणपूर्ती लावा. आराखडा अडला तर अडू दे. एकदा निधी अडला की लोक झक मारत येतील.

मावळती सरपंच:
दादा, एकदा त्या खुर्चीत बसून बघा. अडू दे म्हणणं सोपं आहे. नळाची मोटर जळली आणि खर्चाला मंजुरी नाही, तर हंडा घेऊन बाया माझ्या दारात येतात, तुमच्या नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, मतदार 2,400 च्या आसपास. म्हणजे गणपूर्ती 100. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघतात, त्या परत येईपर्यंत उन्हाळा लागतो. 26 जानेवारीच्या सभेला गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. 1 मेला लग्नसराई आणि डोक्यावर 42 चं ऊन. 2 ऑक्टोबरला उचल (आगाऊ मजुरी) कुणाकडून घ्यायची याची घाई. खरी सभा म्हणायची तर 15 ऑगस्टची एकच. तुमच्या नियमानं माझं गाव वर्षातले नऊ महिने कुलूपबंद.

आणि लोक आळशी आहेत असं कृपा करून म्हणू नका. घरकुलाची यादी ज्या सभेत असते, त्या सभेला आमचं देऊळ पुरत नाही. लोकांना बरोबर कळतं कुठल्या सभेत काही मिळणार आणि कुठल्या सभेत नुसतं वाचून दाखवणार.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशीची महिला सभा मात्र माझी गच्च भरायची. मी ती हळदीकुंकवाला जोडून घ्यायचे. हसायचं तर हसा.

मधली आळी:
हसत नाही ताई, पण विचारतो. हळदीकुंकू म्हटलं की विधवा बाया घरी. मग महिला सभा कुणाची झाली?

मावळती सरपंच:
प्रश्न रास्त आहे. पहिल्या वर्षी तसंच झालं होतं, खोटं कशाला बोलू. 2022 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो मी सभेत वाचून दाखवला आणि पुढच्या संक्रांतीला सगळ्यांना वाण दिलं. दोन म्हाताऱ्या उठून गेल्या. त्या वर्षी विहिरीच्या जागेबद्दल सगळ्यात मुद्द्याचं जी बोलली ती एक विधवाच होती. ओढ्याच्या वरच्या अंगाला विहीर घेऊ नका, तिथलं पाणी शिमग्याला आटतं, असं ती म्हणाली. लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत ते पान कुणी उलटलं नाही. विहीर वरच्याच अंगाला झाली आणि शिमग्याला आटली. हा दोष माझाही आहे.

पेन्शनीतला ग्रामसेवक:
31 वर्षं प्रोसिडिंग लिहिलंय, त्यामुळं थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

शिवारातले साहेब, तुम्हाला वाटतं अकरा माणसं आली म्हणून सभा तहकूब झाली. तुमचं गाव प्रामाणिक म्हणायचं! पुष्कळ ठिकाणी सभा तहकूबही होत नाही. संध्याकाळी शिपाई रजिस्टर आणि शाईचं पॅड घेऊन निघतो. एका घरात चार सह्या, दुसऱ्या घरात दोन अंगठे, पिठाच्या गिरणीवर दहा मिनिटं थांबला की पंधरा. मुंबईला असलेल्या पोराची सही आई करते, "तो काय नाही म्हणणारे का" असं म्हणून. निळ्या पेनाच्या, एकाच वळणाच्या सह्या मी ओळीनं पाहिल्यात आणि त्याखाली माझी सही केलीय. नोकरीत असताना हे बोललो नसतो.

तेव्हा गणपूर्ती कडक कराल तर माणसं येणार नाहीत, रजिस्टर जास्त फिरेल. आज तहकूब सभेच्या प्रोसिडिंगमध्ये नऊ नावं दिसतात, ती निदान खरी आहेत. उद्या तिथं 104 दिसतील आणि तुम्हाला वादच घालता येणार नाही.

दुसरं, एका माणसाकडं दोन-तीन गावांचा कारभार असतो आणि सगळ्यांच्या सभा 15 ऑगस्टला. झेंडावंदन, मग या गावची सभा, मग मोटरसायकलवर पुढच्या गावची. चर्चा व्हावी कधी?

शिवारातला:
अण्णा, रजिस्टरचं मान्य. पण चोर खिडकीतून येतो म्हणून दाराला कुलूप लावायचं नाही का? सभेचं शूटिंग करा, हजेरी सभेतच घ्या, मार्ग निघतील.

आणि मोठी गणपूर्ती अशक्य आहे हे मला पटत नाही. वनहक्क कायद्याच्या नियमांत ग्रामसभेची गणपूर्ती निम्मी आहे. 2008 च्या नियमांत तर दोन तृतीयांश होती, 2012 ला ती निम्म्यावर आणली. हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. गडचिरोलीतलं मेंढा लेखा बघा. आदिवासींना निम्मं गाव जमवता येतं आणि आम्हाला 100 माणसं जड?

वैनगंगाकाठ:
मेंढ्याचं नाव घेतलंत म्हणून लिहितो, कारण ते उदाहरण तुमच्या बाजूनं जेवढं आहे त्याहून जास्त तुमच्या विरुद्ध आहे.

एक तर मेंढा म्हणजे जेमतेम पाचशे माणसांची वस्ती. सगळे एकमेकांना नावानं ओळखतात. तिथं गणपूर्तीवर काही चालत नाही, निर्णय सर्वसहमतीनं होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीला. त्याआधी अभ्यास गट बसतो, बाहेरचं माणूस बोलावून माहिती घेतो, पण निर्णयाच्या बैठकीत त्या बाहेरच्याला मत नाही. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना पाठ असते, ही बैठकांची पद्धत कुणाला माहीत नसते.

दुसरं, 2009 ला त्यांना 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखातं देईना. तो हातात पडायला एप्रिल 2011 उजाडला, तोही केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आल्यावर. बांबू आपला, पैसा आपला, आणि उद्या जंगल संपलं तर तोटाही आपला, हे झालं म्हणून लोक बैठकीला बसतात. नियमात निम्मी गणपूर्ती लिहिली म्हणून नाही. तुमच्या ग्रामसभेच्या हातात काय आहे? वरून आलेल्या यादीवर खूण करायची. त्यासाठी मी रोजंदारी बुडवून का यावं?

उपसा:
इथं सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलीय, की लोक आले म्हणजे विकास शाश्वत होतो. मला ते मुळातच मान्य नाही.

आमच्या गावात चार वर्षांपूर्वी ग्रामसभा अशी भरली होती की माणूस मावत नव्हता. विषय होता, नवीन बोअरला बंदी. हात वर करून मतदान. बंदीचा ठराव पडला, तोही दणकून. ज्यांच्या रानात चार-चार बोअर ते पुढं खुर्च्यांवर आणि ज्यांच्याकडं एकही नाही ते मागं उभे. मागचा माणूस उद्या मजुरीला जाणार त्याच पुढच्याच्या बांधावर. तो हात कुणाच्या तोंडाकडं बघून वर करेल? तुमची गणपूर्ती तिपटीनं भरली होती साहेब.

4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेब खेड्याबद्दल काय म्हणाले ते वाचा. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं ठिकाण, असा त्या बोलण्याचा रोख होता. आमच्या वस्तीवरच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. जमिनीखालचं पाणी वाचवायचं तर ते वरच्या कायद्यानं वाचेल, गावकीच्या भरवशावर नाही.

हिवरे बाजारचं उदाहरण येणारच, म्हणून आधीच सांगतो. शेतीला बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही, दरवर्षी पावसाचं माप घेऊन पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत, सगळं खरं आणि कौतुकाचं. पण 1989 पासून तिथं पोपटराव पवारांसारखा पुढारी आहे. हजारो गावांना पोपटराव कुठून आणायचे?

पेन्शनीतला ग्रामसेवक:
वरच्या कायद्याचं म्हणाल तर भूजल अधिनियम 2009 चा आहे, अमलात आला 2014 ला. अधिसूचित क्षेत्रात 60 मीटरच्या खाली बोअर घेता येत नाही. आता तुमच्या तालुक्यात बघा. तमिळनाडू पासिंगची गाडी रात्री अकराला शिवारात शिरते, पहाटेपर्यंत सहाशे फूट जाते, उजाडायच्या आत पुढच्या गावाला. तहसीलदार झोपलेले असतात, तलाठी दुसऱ्या गावी राहतो. त्या गाडीचा आवाज फक्त गावाला ऐकू येतो.

उपसा:
गावाला ऐकू येतो आणि गाव कूस बदलतं. तेच तर म्हणतोय.

मधली आळी:
उपसाभाऊ, तुमच्या सभेत गुप्त मतदान का नाही घेतलं? दारूचं दुकान बंद करायला बाया "उभी बाटली, आडवी बाटली" चिठ्ठीवर करतात ना? हात वर करायला लावलं असतं तर किती दुकानं बंद झाली असती? बोअरला तशीच चिठ्ठी ठेवा. फुल्या मोजताना कुणाचं तोंड दिसत नाही.

उपसा:
सुचलं नाही. कुणी सुचवलंही नाही. सुचवलं असतं तर पुढच्या खुर्च्यांनी मान्य केलं असतं का, तो वेगळा प्रश्न. पण हे बरं आहे.

कोथरूडचा भाडेकरू:
तुम्ही लोक ग्रामसभेवर भांडताय हे वाचूनच हेवा वाटला. शहरांसाठी क्षेत्रसभेची (आपापल्या भागातल्या मतदारांच्या सभेची) तरतूद 2009 ला कायद्यात आली. मी आजपर्यंत एकही क्षेत्रसभा डोळ्यांनी पाहिलेली नाही. पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सूचनांचं बजेट आहे, हे खरं. मी ओढ्याच्या काठाचा राडारोडा हटवा अशी सूचना दिली होती, बाकड्यांचं काम झालं. 2022 च्या मार्चपासून नगरसेवकच नव्हते, प्रशासक सगळं बघायचे. जिल्हा परिषदांचंही तेच झालं आणि निवडून आलेली बॉडी नाही म्हणून केंद्राचा निधी अडकला. वरच्यांनी निवडणुका पुढं ढकलायच्या आणि खालच्यांना गणपूर्तीचा नियम, हा विनोद माझ्या लक्षात राहील.

शिवारातला:
दोन दिवस विचार करत होतो. माझी मूळ मागणी मी थोडी बदलतो, मागं घेत नाही.

ताईंचं नऊ महिने कुलूपबंदचं म्हणणं खरं आहे. म्हणून नळदुरुस्ती, दिवाबत्ती, पगार यांना गणपूर्ती नको. पण आराखडा, पाण्याचा उद्भव कुठं घ्यायचा, आणि गायरान किंवा वाळू कुणाला द्यायची, हे तीन विषय नऊ माणसांनी करायचे नाहीत. त्यांना गणपूर्ती हवी, आणि ती गावची एक नको, वस्तीवार हवी. आमच्या देवळापुढं भरलेल्या सभेत दोन किलोमीटरवरच्या वस्तीचं एक माणूस नसतं आणि बोअर त्यांच्याच ओढ्यात पडतात. पेसा क्षेत्रात (आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा लागू असलेल्या ठिकाणी) पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळते. केरळात ग्रामसभा वॉर्डाची असते. मग आम्हाला का नाही?

वैनगंगाकाठ, तुमच्या "रोजंदारी बुडवून का यावं" याला माझ्याकडं उत्तर नाही. ते खरं दुखणं आहे.

मावळती सरपंच:
वस्तीवारला मी तयार आहे. माझी मुदत संपत आली, 15 ऑगस्टची शेवटची सभा माझ्या हातात आहे. कायद्यात गावठाणातच घ्या असं कुठं लिहिलंय? आधी चार दिवस तीन वस्त्यांवर संध्याकाळी आठला बसू. सतरंजी आणि चहा माझ्याकडं. वर्षाला पाऊस किती, उपसा किती, पाण्याचा ताळेबंद मांडणारं कुणी इथलं येणार असेल तर सांगा. उपसाभाऊ, तुम्ही जवळचेच वाटता.

उपसा:
येतो. पण खुर्च्या लावू नका.

पेन्शनीतला ग्रामसेवक:
आणि रजिस्टर शिपायाकडं देऊ नका. ते कुणाच्या हातात राहणार, हे सतरंजीच्या आधी ठरवा.