मदत हवी आहे: जखमेवर लावायचा पाला नक्की कुठला? दगडीपाला की रानमोडी?

नमस्कार मंडळी, गणपतीत गावी गेले होते (संगमेश्वरजवळ), अंगणातलं गवत काढताना विळा लागला बोटाला, बऱ्यापैकी खोल, रक्त थांबेना. काकू मागच्या बांधावर गेली, मूठभर पाला ओरबाडून आणला, तळहातावर चुरडला आणि हिरवा रस थेट जखमेवर पिळला. असलं झोंबलं की डोळ्यातून पाणी आलं, पण थोड्या वेळात रक्त थांबलं. टीटीचं इंजेक्शन नंतर तालुक्याला जाऊन घेतलंय, त्यावरून ओरडू नका :)

आता प्रॉब्लेम असा की काकूला विचारलं तर म्हणते "जखमेचा पाला", बास, दुसरं नावच माहीत नाही. आई म्हणते कंबरमोडी. इथे पुण्यात शेजारच्या आजी म्हणाल्या दगडीपाला असणार, आणि पार्किंगमध्ये फरशीच्या फटीत उगवलेला दाखवला पण, खरखरीत पानं, लांब दांड्यावर एकच फूल, मधे पिवळं आणि कडेला पांढरट पाकळ्या. पण मला आठवतोय तो पाला असा नव्हता. पान तिकोनी, चुरडल्यावर उग्र वास, फूल एकही नाही. फोटो काढायचं सुचलं नाही, बोट धरून बसले होते ना. कुणी ओळखेल का? कुंडीत लावायचाय.

प्रतिसाद: एक सांगा, पाला तोडताना काकू वाकल्या होत्या का?

धागाकर्ती: नाही हो, उभ्या उभ्याच ओरबाडला, झुडूप तिच्या खांद्याएवढं होतं.

प्रतिसाद: मग रानमोडीच. दगडीपाला म्हणजेच एकदांडी, कंबरमोडी, ती जमिनीलगत पसरते, तिला वाकावंच लागतं, आणि फुलं तिला जवळपास वर्षभर असतात. रानमोडी फुलते दिवाळीनंतर, म्हणून तुम्हाला फूल दिसलं नाही. जखमेवर दोन्ही लावतात त्यामुळे नावांची ही खिचडी. गंमत म्हणजे दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, आजीबाईच्या बटव्यात कधी शिरल्या देव जाणे. कुंडीत मात्र रानमोडी लावू नका प्लीज, बी वाऱ्यावर उडतं, आमच्या काजूत दरवर्षी बेणणी करून जीव जातो आणि गुरंही तोंड लावत नाहीत.

धागाकर्ती: बापरे, कुंडी रद्द. डिसेंबरात जाणार आहे तेव्हा फोटो टाकते. फुलं जांभळट-पांढरी, झुबक्यानं येतात तीच ना?

प्रतिसाद: हो, तीच.