आधी क्रॉप, मग रिसाइझ

शिवडीच्या फ्लेमिंगोंचे फोटो मस्त! पण ते इंटरनेटवर टाकण्याजोगे लहान करायला फोटोशॉप घ्यावं का, असं विचारलंय, तर अजिबात नको. इरफानव्ह्यू हे फोटो बघायचं-कापायचं छोटं सॉफ्टवेअर पुरे. 1996 पासून आहे, घरगुती वापराला फुकट, आणि रडतखडत चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपवरही पळतं.

आधी क्रॉप करा, म्हणजे नको तो भाग कापा. पक्षी खाडीत लांब असतात. फोटो लहान करून मग कापलात तर त्यांच्या वाट्याला पिक्सेलच उरत नाहीत. 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 बाय 3000 पिक्सेलचा असतो. कंट्रोल-आर दाबून रिसाइझच्या खिडकीत रुंदी 1200 केली की पिक्सेल अकरापटीने कमी होतात. प्रमाण राखण्याची खूण तशीच असू द्या, नाहीतर फ्लेमिंगोचं बदक होतं. लहान करताना फोटो किंचित मऊ पडतो, म्हणून त्याच खिडकीतली शार्पनची खूण करा. मग सेव्ह करताना जेपीजी, क्वालिटी 80-85, आणि नाव नवीन. मूळ फाइलवर सेव्ह केलंत तर मोठा फोटो गेलाच म्हणून समजा.

फोटो बरेच असतील तर बी (B) हे बटण दाबून सगळे एकदम उरका. रंग भडक करू नका हो, आहेत तेवढे गुलाबी पुरेत. आणि घराच्या गच्चीवरून काढलेले फोटो असतील तर सेव्ह करताना एक्झिफ (फोटोच्या फाइलीतच साठलेली माहिती) ठेवण्याची खूण काढून टाका, त्यात जीपीएसचं ठिकाणही असू शकतं.