ब्लॅक सॅबथचा निरोप, 5 जुलै, व्हिला पार्क: दिवसभर उभं राहायचं तर काय काय सांभाळावं?

काळा_शनिवार (11 जून 2025)

ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा निरोपाचा कार्यक्रम 'बॅक टू द बिगिनिंग' बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क या फुटबॉल स्टेडियममध्ये आहे, त्याची मैदानातली, म्हणजे उभ्याची दोन तिकिटं आहेत. व्हिसा हातात आहे. मुंबईहून हीथ्रोला 4 तारखेला सकाळी उतरणार, 6 ला रात्री परत. ऑझी (गायक), आयोमी (गिटार), गीझर (बास गिटार) आणि बिल वॉर्ड (ड्रम्स) चौघेही 2005 नंतर पहिल्यांदाच एका मंचावर येताहेत, आणि तेही बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागात, जिथे चौघं वाढले. त्यामुळे जावं की नाही हा प्रश्नच नाही.

वय पन्नाशीच्या पुढे, डोळ्याला चष्मा, डाव्या कानात अधूनमधून शिट्टी वाजते. दुपारपासून मेटॅलिका, स्लेअर, पँटेरा, टूल, गन्स एन रोझेस अशी बँडांची रांग आहे आणि सॅबथ सगळ्यात शेवटी. तोवर कान आणि पाय टिकवायचे कसे? मैदानात नेमकं कुठे उभं राहायचं? रात्री तिथून निघायचं कसं? 'मजा करा' सोडून काहीही सांगा.

खर्ज (11 जून)

आधी कान. कामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेची मोजपट्टी अशी: 85 डेसिबलला 8 तास चालतात आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 88 ला 4 तास, 94 ला 1 तास, 100 ला फक्त 15 मिनिटं. मैदानात पुढच्या भागात 100 सहज असतो. म्हणजे दिवसभराचा कोटा पहिल्याच बँडच्या तिसऱ्या-चौथ्या गाण्यात संपतो.

पाकिटावर 20 डेसिबल लिहिलेला कानात घालायचा प्लग प्रत्यक्षात 12 ते 15 च देतो, कारण तो नीट बसलेला नसतो. तरी 100 चे 85-88 झाले तर 4 ते 8 तासांची मुभा मिळते. राहिलेला वेळ मधल्या बँडांना मागे जाऊन, स्टँडच्या आतल्या बाजूला बसून भागवा. सॅबथच्या 'वॉर पिग्ज' गाण्याला प्लग काढून ऐकू, असं बरेच जण ठरवून जातात. त्या एका गाण्यात दिवसभर जपलेला सगळा हिशेब फिसकटतो.

फोमचा प्लग घालायची रीत: कोरड्या बोटांनी समईच्या वातीसारखा बारीक वळा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि 30 सेकंद बोटाने दाबून धरा. आरशात समोरून प्लग बाहेर डोकावताना दिसला तर तो बसलेला नाही, काढून परत घाला. नीट बसला की गुणगुणताना आपलाच आवाज डोक्यात घुमतो.

फोममध्ये एक खोट आहे. तो वरच्या पट्टीचे आवाज जास्त खातो, त्यामुळे झांजा आणि शब्द मळकट होतात. वादकांसाठीचे फिल्टरवाले सिलिकॉन प्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या उतरवतात. ते घ्या आणि फोमची एक जोडी खिशात राखीव ठेवा. शिट्टी आधीपासून वाजते आहे, तर निघण्यापूर्वी कान-नाक-घसावाल्यांना एकदा दाखवाच. आतून मळ काढून घेणं झालं तरी प्लग नीट बसतो.

आता जागा. ध्वनीवाल्यांचा कन्सोल मैदानात मंचासमोर बऱ्याच अंतरावर तंबूत असतो. मिक्स करणारा माणूस तिथलं ऐकून आवाज ठरवतो, म्हणून तिथलं ऐकणं सगळ्यात सच्चं. तंबूच्या मागे दिसत नाही. त्याच्या पुढे आठ-दहा मीटर, आणि बरोबर मधल्या रेषेत नको, चार-पाच पावलं बाजूला. डाव्या-उजव्या सबवूफरचा (खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा) आवाज मधल्या रेषेवर एकावर एक चढतो.

सॅबथच्या बाबतीत हे जास्तच लागू होतं. 1971 च्या तिसऱ्या आल्बमपासून आयोमीने गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झवरून 69 वर आली आणि गीझरची त्याहून एक सप्तक खाली, साधारण 35 वर. हे दोघं बराच वेळ एकच रिफ (परत परत येणारा सुरांचा तुकडा) जोडीने वाजवतात. चुकीच्या जागी उभे राहिलात तर दोन वाद्यांचा एकच गडगडाट ऐकू येतो. आणि त्यातला गीझर ऐकू येणं, माझ्या मते, अर्धं तिकीट वसूल.

ढोलीबाजा (12 जून)

कानाबद्दल खर्ज यांच्याशी शंभर टक्के सहमत, जागेबद्दल नाही. हा निरोप आहे, ध्वनिमुद्रण नव्हे. 2017 च्या 4 फेब्रुवारीला याच शहरात सॅबथच्या 'द एंड' दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम झाला तेव्हा ड्रम्सवर बिल वॉर्ड नव्हता. या वेळी आहे, तर त्याचे हात बघायला नकोत? तो मेटलवाला म्हणून ओळखला जातो पण मनगट जॅझवाल्याचं आहे, ठोका सरळ न टाकता झोका देतो. कन्सोलपासून ते फक्त पडद्यावर दिसेल. शिवाय आवाज सेकंदाला 343 मीटर जातो. 60 मीटरवर काठी पडलेली दिसते आणि ठोका पावणेदोन दशांश सेकंदाने पोचतो. ड्रमर बघणाऱ्याला ते खटकतं.

अगदी पुढचं कठडं मात्र पन्नाशीत नको. तिथे उभं राहायचं म्हणजे दार उघडल्यापासून शेवटपर्यंत हलायचं नाही, लघवीलाही नाही. मधला मार्ग: सुरुवातीचे बँड मागून ऐका आणि शेवटच्या दोन बँडांच्या मधल्या वेळात कडेकडेने पुढे सरका. मधून घुसू नका, कडेने गर्दी विरळ असते. प्रेक्षकांच्या डाव्या हाताला आयोमी, उजव्याला गीझर, हे जुनंच ठरलेलं आहे. कोण हवा ते ठरवून बाजू पकडा.

स्लेअर, पँटेरा आणि लॅम्ब ऑफ गॉडच्या वेळी कठड्यामागे दहा-पंधरा मीटरवर मधोमध रिंगण (एकमेकांना धडका देत नाचायची जागा) उघडतं. गर्दी अचानक मागे रेटली गेली आणि समोर मोकळी जागा दिसली की ते रिंगण, मोकळी जागा समजून त्यात उभे राहू नका. चष्म्याला मागून दोरी लावा, बुटाची नाडी दुहेरी गाठ मारून आत खोचा. चपला, सँडल अजिबात नकोत. बूट नवे नकोत, निदान दोन आठवडे वापरलेले हवेत.

ऑझी 76 वर्षांचा आहे, पार्किन्सन्स आहे आणि पूर्ण लांबीचा सेट होणार नाही हे त्याने आधीच सांगितलंय. तेव्हा तो भाग छोटाच असेल. त्या वेळेला पेयांच्या रांगेत सापडू नका.

मिडलंड्सकर (12 जून)

येण्या-जाण्याचं सांगतो. हीथ्रोहून बर्मिंगहॅमच्या डिगबेथला थेट कोच आहे, सामान असेल तर तोच बरा. रेल्वेने यायचं तर लंडन यूस्टनहून न्यू स्ट्रीट, म्हणजे बर्मिंगहॅमचं मुख्य स्टेशन, साधारण दीड तास. तिकीट आधी काढलं तर स्वस्त, पण ठरावीक गाडीचंच असतं. विमान उशिरा आलं तर ते फुकट जातं. जुलैत मुंबईच्या पावसात उड्डाणाला उशीर काही नवा नाही, म्हणून 4 तारखेसाठी लवचीक तिकीट घ्या.

न्यू स्ट्रीटवर 'ऑझी' नावाचा दहा मीटर उंच यांत्रिक बैल उभा आहे, तो बघून घ्या. ब्रॉड स्ट्रीटवरच्या कालव्याच्या पुलाला ब्लॅक सॅबथचं नाव आहे आणि तिथल्या बाकावर चौघांचे चेहरे आहेत. हे 4 तारखेलाच उरका, 5 ला तिथे रांग लागेल.

व्हिला पार्क नावाचं स्टेशन नाही आणि तिथे ट्रामही जात नाही. न्यू स्ट्रीटहून ॲस्टन किंवा विटन, दोन्ही दहा मिनिटांच्या आसपास. विटन मैदानाच्या जवळ, म्हणून परतताना सगळे तिकडेच पळतात आणि फलाटावर सोडायला दोरखंड लावून रांगा करतात. ॲस्टनला पंधरा मिनिटं चालावं लागतं पण गाड्या जास्त. तेही नको असेल तर शहराच्या मध्यापर्यंत जेमतेम चार किलोमीटर आहे, तासाभरात चालत पोचता. रात्री लंडनला परतायचा विचार सोडा, मुक्काम बर्मिंगहॅमलाच करा. टॅक्सी मैदानाच्या दारात येत नाही, रस्ते बंद असतात.

झोपेचा हिशेब करा. रात्री दहा म्हणजे तुमच्या शरीराचे अडीच वाजलेले. सॅबथ साधारण तेव्हाच उभे राहतील. 4 ला दुपारी झोपू नका, रात्री अकरापर्यंत ताणा आणि 5 ला सकाळी उशिरा उठा.

बॅगेचा आकार तिकिटाच्या मेलमध्ये बघा. इथल्या बहुतेक स्टेडियमांत ए4 कागदाहून मोठी पिशवी घेत नाहीत आणि छत्री तर नाहीच. पातळ रेनकोट आणि टोपी ठेवा. सूर्य साडेनऊला मावळतो, तोवर ऊनही डोळ्यात येतं. एकदा आत गेलं की सहसा बाहेर पडून परत येता येत नाही, म्हणून जेवूनच जा. दशम्या दारातच काढून ठेवतील. बारमध्ये नळाचं पाणी फुकट मागा, कायद्याने द्यावं लागतं. ओआरएसच्या दोन पुड्या खिशात मावतात. बिअर मोजून, कारण तिकडे बारची रांग आणि इकडे लघवीची रांग.

कार्डाचं विसरू नका. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं ही दोन वेगळी बटणं ॲपमध्ये चालू करावी लागतात. एक चालू आणि दुसरं बंद असलं की काउंटरवर कार्ड नाकारलं जातं आणि कारण कळत नाही. भारतीय सिमवर रोमिंग निघण्यापूर्वी चालू करा, नाहीतर ओटीपी येणार नाही. तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये आदल्या दिवशी उतरवून ठेवा. बारकोड हलता असेल तर स्क्रीनशॉट चालत नाही, आणि चाळीसेक हजार लोकांत नेटवर्क मिळेलच असं नाही. चार्जरचा प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो, आपला तिथे बसत नाही.

काळा_शनिवार (13 जून)

कन्सोल की कडा हा वाद आवडला. एकाने कन्सोलपाशी आणि एकाने आयोमीच्या बाजूला, असं करता येईल, पण शेवटच्या गाण्याला वेगळं उभं राहणं पटत नाही. टी-शर्ट, पोस्टर कधी घ्यावं? घरी 2011 च्या बंगळुरूच्या मेटॅलिकाचं तिकीट जवळपास पांढरं झालंय, तसं व्हायला नको.

जुनी_तिकिटं (13 जून)

टी-शर्ट आत शिरल्या शिरल्या. संध्याकाळपर्यंत मधले माप संपतात. दुकानाच्या पिशवीत हातात धरून फिरू नका, आहे त्या शर्टावरच चढवा किंवा कमरेला बांधा. माप एक नंबर मोठं घ्या, सुती असेल तर धुतल्यावर आटतो. बाहेर फुटपाथवर विकतात ते नक्कल, दोन धुण्यांत छपाई भेगाळते. पोस्टर घेतलं तर नळकांडं विमानात हातात न्या, सामानात चेपतं.

तुमचं तिकीट थर्मल कागदावर छापलेलं असणार. त्यात शाई नसते, उष्णतेने कागदच काळा होतो, आणि उजेड, घाम, प्लॅस्टिकचे मऊ कव्हर यांनी ते विरतं. आजच स्कॅन करा. लॅमिनेट करू नका, यंत्राच्या उष्णतेने अख्खं तिकीट काळंकुट्ट होईल. पीव्हीसीच्या पाकिटातून काढा, त्यातलं तेलकट रसायन छपाई ओढून घेतं. पॉलिप्रॉपिलीनचं कडक पाकीट घ्या, आत सिलिका जेलची पुडी, आणि कपाट भिंतीला चिकटलेलं नको. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी मागच्या बाजूनेच येते.

व्हिडिओबद्दल: फोनचा माइक एवढ्या आवाजात फाटतो. माइकच्या भोकावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला तर बराच सुधारतो. सॅबथची चार गाणी असतील किंवा पाच, त्यातलं एकच घ्या, तेही 'पॅरानॉइड' नको. ते सगळेच घेतात.

खर्ज (13 जून)

चिकटपट्टी दोन पदरी. आणि कानाच्या प्लगची डबी गळ्यातल्या दोरीला अडकवा, अंधारात एकच सापडतो.