मराठी घरांची मोजणी: फॉर्म फिरवायचा की दारं वाजवायची? (चौघांची चर्चा, टोपणनावांनी)

शियापुरा
बडोद्यातल्या एका मंडळाला शोधायचंय की शहरातल्या किती मराठी घरांत नातवंडं मराठी बोलतात. माझं मत: ऑनलाइन फॉर्म करून व्हॉट्सॲपवर सोडा. आठवड्यात हजार उत्तरं, खर्च शून्य. दारोदार फिरायचं म्हटलं तर ४०० घरं होईस्तोवर कार्यकर्ते गळतात. हजार मोठे की चारशे?

मोजपट्टी
चारशे. फॉर्म फिरणार कुठल्या ग्रुपांवर? गणेशोत्सवाच्या, नाटकाच्या तिकिटांच्या, वधूवरांच्या. म्हणजे मराठी टिकलेल्याच घरांत. जिथे ती संपली तिथे फॉर्म पोचत नाही, पोचला तरी कोणी भरत नाही. हजाराचे दहा हजार करा, चूक तेवढीच राहील, फक्त आकडा भारदस्त दिसेल.

शियापुरा
आणि तुमची चारशे घरं कुठल्या यादीतून काढणार? मराठी घरांची यादी कोणाकडेच नाही. बारा घरांत एक मराठी धरलं तरी ४,८०० दारं वाजवावी लागतील.

मोजपट्टी
मतदार यादी आहे ना, भागवार, म्हणजे मतदान केंद्रागणिक वेगळी. शिंदे, जाधव, कदम सरळ ओळखू येतात. जोशी आणि देसाई दोन्हीकडचे, त्यांना गाळू नका. वेगळी खूण करा, दारात एका प्रश्नात उलगडा होतो. ज्या भागात अशी घरं जास्त, त्याला निवडीची संधी त्याच प्रमाणात जास्त द्यायची, आणि निवडलेल्या प्रत्येक भागात सारखीच घरं घ्यायची. मग दांडिया बाजारातल्या वाड्याला आणि वाघोडिया रोडवरच्या फ्लॅटला संधी समान.

आता हिशेब. ९५ टक्के खात्रीने ±५ टक्के हवं तर ३८५ घरं, पण ती शहरभर सुटी सुटी निवडली तर. एका भागात १० घेतली की शेजारी एकमेकांसारखे निघतात. हे साम्य ०.१ धरलं (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे तंतोतंत) तर १ + ९ × ०.१ (९ म्हणजे भागातली बाकीची घरं), म्हणजे १.९ पट: सुमारे ७३० घरं. भागात ५ च घेतली तर १.४ पट, ५४० घरं, पण भाग १०८. मंडळाला हे झेपणार नाही. ±७ वर समाधान माना: तिथे ३८५ ऐवजी १९६ सुटी घरं पुरतात, १९६ × १.४ म्हणजे २७५ घरं, ५५ भाग. पाचात एक नकार गृहीत धरून ३४५ पत्ते आधीच काढून ठेवा.

वाडीकर
बंद दार दिसलं की शेजारचं घर घ्यायचं. एवढं सोवळं कशाला?

मोजपट्टी
कारण दुपारी दार उघडतात ते आजी-आजोबा, म्हणजे मराठी बोलणारे. नवरा-बायको दोघं नोकरीवर, मूल डे-केअरमध्ये, त्या दाराला कुलूप. शेजारी बदलत गेलात तर निकाल मराठीच्या बाजूला झुकतो, आणि कागदावर काहीच दिसत नाही. तीन फेऱ्या वेगवेगळ्या वेळी, त्यातली एक रविवारी सकाळी. तरी बंद, तर 'बंद' म्हणून नोंद.

कानोसा
तुमचं सगळं नमुन्यात अडकलंय, प्रश्नाकडे कोणी बघतच नाही. 'घरी मराठी बोलता का?' असं मराठीतून विचारलं की उत्तर 'हो तर!' जनगणनेतही मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती. आज घरात काय चालतं ते त्यातून कळत नाही. मला विचाराल तर बारा घरं निवडा, परवानगी घेऊन संध्याकाळचे दोन तास बसा. पहिली वीस मिनिटं सोडून द्या, तेवढा वेळ सगळे पाहुण्यासाठी शुद्ध बोलतात. मग ऐका: नातू आजीला 'आलो' म्हणतो आणि वळून बहिणीला 'चाल ने'. हे तुमच्या २७५ घरांत दिसणार नाही.

मोजपट्टी
प्रश्नाबद्दल मान्य. पण बारा घरांवरून 'किती' सांगता येत नाही, 'कसं' तेवढं सांगता येतं. म्हणून ती बारा आधी करा आणि त्यातून तक्ता बनवा: काल संध्याकाळी कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोललं? आजी-नातू, आई-मूल, भावंडं आपसात, प्रत्येक जोडीला वेगळा रकाना. अर्धे कार्यकर्ते दारात गुजरातीतून सुरुवात करतील, कोणी कुठे ते चिठ्ठ्या टाकून. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांची युक्तीही घ्या: नमुन्याचे दोन स्वतंत्र हिस्से, दोन टोळ्या. दोघींचे आकडे फार लांब पडले तर दोष विचारणाऱ्यांत शोधा.

कानोसा
आणि घर म्हणजे कोण? पुण्याला शिकणारा नातू धरणार? संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्म्यांनी पीककापणीत (शेताचा छोटा तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज काढतात त्यात) दाखवलंच होतं की तुकडा फार लहान घेतला की कडेची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं. घरातल्या माणसांच्या तुमच्या यादीची कडही तशीच आहे.

मोजपट्टी
एका चुलीवर जेवणारे, गेल्या सहा महिन्यांत बहुतेक दिवस घरात असलेले. पुण्याचा नातू बाहेर, सुट्टीला आलेली आत्याही बाहेर.

शियापुरा
ठीक, फॉर्म मागे घेतो. पण मकरपुऱ्यात नोकरीसाठी नुकतेच आलेले भाडेकरू? त्यांची मतं अजून जळगाव-धुळ्याला. ते तर तुमच्या यादीतच नाहीत, आणि त्यांची मुलं घरात मराठीच बोलतात.

मोजपट्टी
हे खरंच भोक आहे. निवडलेल्या ५५ भागांतल्या भाड्याच्या घरांची वॉचमनकडून वेगळी यादी करा. त्यांचा आकडा मूळ आकड्यात मिसळू नका, शेजारी छापा.