मदत हवी आहे : जुन्या बंबावरचा सायरन ओळखायचा आहे

रारीटनकाठ :
न्यू जर्सीत आमच्या शेजारी राहणारे, स्वयंसेवी अग्निशमन दलातून निवृत्त झालेले गृहस्थ येत्या शनिवारी ८० वर्षांचे होत आहेत. त्यांच्या तळघरात त्यांच्या जुन्या बंबावरचा वजनदार यांत्रिक सायरन सापडला असून, वाढदिवशी तो त्यांना वाजवून दाखवावा अशी माझी फार इच्छा आहे. गाडीच्या बॅटरीला जोडल्यावर तो नुसता घरघरला आणि थांबला. हा कोणत्या कंपनीचा, कोणत्या काळातला आणि वाजत का नाही, हे कृपया लवकर सांगावे.

तांब्याची_तार :
मोटार किती व्होल्टची, मागे तारा जोडायची टोके किती, पाटीवर काय लिहिले आहे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. अमेरिकेतील बहुतेक गाड्या १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टवर चालत. तेव्हा हे कळेपर्यंत पुन्हा वीज देऊ नका.

भायखळेकर :
माझ्या मते हा हवाई हल्ल्याची सूचना देणारा भोंगा असावा. आमच्या लहानपणी मुंबईत बंबावर पितळी घंटा असे. ब्रिटिश भोंग्यात एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला १२ खिडक्या, म्हणजे हवा बाहेर पडायच्या फटी असत, त्यामुळे त्यातून दोन सूर एकदम निघत. आधी खिडक्या मोजाव्यात.

तांब्याची_तार :
खिडक्या मोजण्याची सूचना योग्य आहे, कारण खिडक्यांची संख्या गुणिले आतल्या चक्राचे सेकंदाला होणारे फेरे एवढाच त्या सुराचा हिशेब असतो. परंतु मुंबईच्या घंटेवरून न्यू जर्सीतला बंब ठरवता येणार नाही. तिथल्या बंबांवर शिकागोच्या फेडरल आणि रॉचेस्टरच्या स्टर्लिंग या कंपन्यांचे विजेवर चालणारे सायरन असत.

रारीटनकाठ :
खिडक्यांची ओळ एकच आहे. मागे एक जाड आणि एक बारीक अशी दोन टोके आहेत. पाटीवर रंगाचे थर आहेत. मला फक्त कंपनीचे नाव हवे आहे, व्होल्टचा त्याच्याशी काय संबंध?

चकाकी :
क्रोमचा भाग बारीक पोलादी लोकरीने हलक्या हाताने घासून वर मेण लावावे, पुन्हा नव्यासारखा दिसेल.

तांब्याची_तार :
पाटीला मात्र पोलादी लोकर लावू नका, अक्षरे जातील; रंग काढायचे द्रावण आणि मऊ कापड वापरा. व्होल्टचा संबंध असा, की त्यावरून काळही कळतो आणि मोटारही वाचते.

रारीटनकाठ :
पाटी निघाली. ‘फेडरल साइन अँड सिग्नल, शिकागो’ आणि १२ व्होल्ट. मॉडेलच्या जागी ‘क्यू’ हे अक्षर दिसते, पुढचे झिजले आहे.

तांब्याची_तार :
मग शंका उरली नाही. कंपनीचे हे नाव १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत होते, म्हणजे सायरन त्या वीस वर्षांतला. जाड टोक मोटारीचे, बारीक ब्रेकचे. यात क्लच असल्यामुळे वीज तोडल्यावरही चक्र फिरत राहते आणि आवाज हळूहळू उतरतो. ब्रेक दिला की तो तिथेच थांबतो. याच घराण्यातले क्यू-टू-बी हे मॉडेल चालताना सुमारे १०० अँपिअर वीज घेते आणि सुरू होताना त्याहून जास्त. कोणती तार वापरलीत?

रारीटनकाठ :
स्पीकरची.

तांब्याची_तार :
घरघर तिथूनच आली असणार. ती तार तापून पेटली नाही, हे नशीब. बॅटरीच्या केबलइतकी जाड तार आणि मध्ये गाडीच्या स्टार्टरला असतो तसा जड सोलेनॉइड, म्हणजे विजेने चालणारा स्विच हवा, साधे बटण चालणार नाही. सायरन जड पाटावर बोल्टने घट्ट बसवा. त्याआधी वीज न जोडता चक्र हाताने फिरवून पाहा.

भायखळेकर :
माझा अंदाज चुकला, हे मान्य करतो. एक विनंती आहे, की वाजवताना सर्वांच्या कानांवर संरक्षक असू द्यावेत; १० फुटांवर १२३ डेसिबल हा आवाज ८० वर्षांच्या कानांना सोसणारा नाही.

रारीटनकाठ :
चक्र आधी अडकत होते. आतून कुंभारमाशीचे मातीचे घर निघाले, आता ते मोकळे फिरते. केबल आणि सोलेनॉइड आणायला निघालो आहे. ब्रेकच्या टोकालाही तितकीच जाड तार लागेल का?

तांब्याची_तार :
नाही. तिथे साधी तार आणि दाबले तेवढाच वेळ चालू राहणारे बटण पुरेल.