बिझनेस सीटीई प्रोग्रामची फेरमान्यता (न्यूयॉर्क राज्य): फाइल कुठून सुरू करावी?

खतावणी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या हायस्कूलच्या बिझनेस सीटीई (करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन, म्हणजे व्यवसाय शिक्षण) प्रोग्रामला राज्याच्या शिक्षण खात्याने दिलेल्या मान्यतेची पाच वर्षं येत्या उन्हाळ्यात संपताहेत आणि री-अप्रूव्हलची फाइल माझ्याकडे आली आहे. प्रोग्राम असा आहे: इंट्रोडक्शन टू बिझनेस १ युनिट, अकाउंटिंग १ युनिट, आंत्रप्रेन्युअरशिप १ युनिट आणि करिअर अँड फायनान्शियल मॅनेजमेंट (सीएफएम) अर्धा युनिट. मागच्या मान्यतेनंतर एका कोर्सचं नाव बदललं, अकाउंटिंगला नवीन शिक्षक आले आणि कम्युनिटी कॉलेजबरोबरच्या आर्टिक्युलेशन कराराची (शाळेतल्या कोर्सवर मुलांना कॉलेजमध्ये फायदा देणारा करार) मुदत संपली.

मागची फाइल नीट लावलेली आहे. तीच घेऊन तारखा आणि आकडे बदलले तर चालेल का? आणि कोणतं काम आधी हातात घ्यावं? टेक्निकल असेसमेंटबद्दलही कोणी नेमकं सांगितलं तर फार मदत होईल.

ताळेबंद

जुनी फाइल शेजारी असू द्या, पण तिच्यावर खाडाखोड करून नवी तयार करू नका. फाइल परत येते ती बहुतेक वेळा विसंगतीमुळे. अर्जात कोर्सचं एक नाव, ट्रान्सक्रिप्टवर दुसरं आणि कॉलेजच्या करारात तिसरंच. जुन्या मजकुरात नवे आकडे भरले की या चुका हमखास राहतात, कारण आपण फक्त आकडे तपासतो, बाकीचं वाचतच नाही.

सगळ्यात आधी कॉलेजला पत्र टाका, अगदी याच आठवड्यात. बाकीची कामं शाळेच्या हातातली आहेत, हे एकच दुसऱ्याच्या हातात आहे. करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: विद्यार्थ्याने आधी कोणते कोर्स किंवा कौशल्यं पूर्ण केलेली असावीत, शाळेची आणि कॉलेजची जबाबदारी काय, करार कधीपासून कधीपर्यंत, आणि दोन्ही बाजूंच्या अधिकृत व्यक्तींच्या सह्या. सहीच्या बाबतीत फार चुका होतात. कॉलेजचे अकाउंटिंगचे प्राध्यापक उत्साहाने सही करून देतात, पण संस्थेच्या वतीने करार करायचा अधिकार त्यांना असतोच असं नाही. सही कोणाची चालेल ते कॉलेजला आधीच विचारा. विद्यार्थ्याला फायदा कोणता मिळणार (क्रेडिट, वरच्या कोर्सला थेट प्रवेश की फीमध्ये सवलत), किती ग्रेड हवी आणि तो फायदा मागायचा कसा, हेही करारातच येऊ द्या. नाहीतर करार फाइलमध्ये राहतो आणि मुलांना त्याचा पत्ताच नसतो.

मग तासांचा हिशोब. न्यूयॉर्कमध्ये १ युनिट म्हणजे आठवड्याला १८० मिनिटं, वर्षभर. एकूण १०८ तास. तुमची साडेतीन युनिटं म्हणजे ३७८ तास. ४० मिनिटांचा तास रोज असेल तर १८० दिवसांत १२० तास भरतात. एक दिवसाआड ८० मिनिटांचा ब्लॉक असेल तरी ९० दिवसांत तेवढेच. पण तास ३६ मिनिटांचा असेल तर बरोबर १०८ होतात, तिथे हाताशी काहीच उरत नाही. हा हिशोब गेल्या पाच वर्षांच्या नव्हे, चालू वर्षाच्या मास्टर शेड्यूलवरून करा. मधल्या काळात शाळेने वेळापत्रक बदललेलं असतं आणि सीटीईच्या फाइलला त्याची खबर नसते.

सीएफएमकडे वेगळं बघा. ते स्वतंत्र अर्ध्या वर्षाचं असेल तर प्रश्न नाही. दुसऱ्या कोर्समध्ये मिसळलेलं असेल तर ५४ तासांचा आशय कुठे कुठे शिकवला जातो, ते घटकवार दाखवावं लागतं. ‘आंत्रप्रेन्युअरशिपमध्ये समाविष्ट’ एवढ्याने भागत नाही.

नव्या शिक्षकांचं सर्टिफिकेट राज्याच्या टीच प्रणालीत (शिक्षकांच्या सर्टिफिकेटची ऑनलाइन नोंद) स्वतः उघडून बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. अकाउंटिंगसाठी बिझनेस अँड मार्केटिंगचं सर्टिफिकेट हवं. गणिताचे शिक्षक कितीही चांगलं अकाउंटिंग शिकवत असले तरी त्यांचं गणिताचं सर्टिफिकेट इथे उपयोगाचं नाही. इनिशियल सर्टिफिकेट असेल तर त्याची मुदत पाच वर्षांची असते, ती तारीखही टिपून ठेवा.

रोजकीर्द

असेसमेंटबद्दल मी सांगतो, कारण बिझनेसवाले इथेच अडकतात.

टेक्निकल असेसमेंटचे तीन भाग असतात: लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि प्रोजेक्ट. डिप्लोमावर टेक्निकल एंडॉर्समेंट (तांत्रिक शिक्षण पूर्ण केल्याचा शिक्का) हवं असेल तर तिन्ही पास व्हावे लागतात. वेल्डिंग किंवा कुकिंगमध्ये प्रात्यक्षिक डोळ्यांना दिसतं. बिझनेसमध्ये ते दिसत नाही, म्हणून लेखी परीक्षाच मोठी करून तिला तिन्ही म्हणायचा मोह होतो. तसं करू नका.

बाहेरची परीक्षा निवडताना ती नक्की काय तपासते ते बघा. नॉक्टी या संस्थेच्या परीक्षांत लेखी भागाबरोबर प्रात्यक्षिकाचा भाग असतो. मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्पेशालिस्टची एक्सेलची परीक्षा प्रत्यक्ष प्रोग्राम वापरून द्यायची असते, पण ती एक्सेल येतं का तेवढंच बघते. जमा-नावे कळतं का ते नाही. आंत्रप्रेन्युअरशिपवर भर असलेल्या प्रोग्रामने तेवढ्या एकाच परीक्षेवर विसंबणं मला तरी चुकीचं वाटतं. आंत्रप्रेन्युअरशिप अँड स्मॉल बिझनेस ही सर्टिपोर्टची परीक्षा तुमच्या आशयाला जवळची आहे, पण तीही संगणकावर बसून द्यायचीच आहे. म्हणजे प्रात्यक्षिक आणि प्रोजेक्ट तुम्हालाच उभे करावे लागतील.

पाच वर्षांपूर्वी फाइलमध्ये लिहिलेली परीक्षेची आवृत्ती आज चालू आहे का, हेही तपासा. सॉफ्टवेअरशी जोडलेल्या परीक्षांच्या आवृत्त्या बंद होतात. अर्जात बंद झालेल्या परीक्षेचं नाव राहिलं तर तो भाग रिकामा असल्यासारखाच आहे.

प्रोजेक्ट बहुतेक ठिकाणी बिझनेस प्लॅन असतो. कस लागतो तो रूब्रिकचा (गुण देण्याच्या निकषांचा). ‘आर्थिक भाग: उत्तम, चांगला, साधारण’ असं लिहिलं तर दोन परीक्षक दोन वेगळे गुण देतील. त्याऐवजी काय दिसायला हवं ते लिहा. उदाहरणार्थ ब्रेक-इव्हन (ना नफा, ना तोटा). महिन्याचा स्थिर खर्च ६०० डॉलर, विक्रीची किंमत १५, प्रत्येक नगामागे बदलता खर्च ९. फरक ६ डॉलरचा, म्हणजे १०० नगांवर खर्च भरून निघतो. ४ गुण: आकडेमोड बरोबर, ६०० आणि ९ हे आकडे कुठून आले त्याचा पुरावा जोडलेला, आणि किंमत १४ केली तर काय होईल हे विद्यार्थी तोंडी सांगू शकतो (१२० नग). ३ गुण: पुरावा आहे, पण तोंडी उत्तर जमत नाही. २ गुण: आकडेमोड बरोबर, पुरावा नाही. १ गुण: स्थिर आणि बदलता खर्च यांत गोंधळ. कॅश-फ्लोलाही असंच करा: १२ महिने, आणि प्रत्येक महिन्याची अखेरची शिल्लक पुढच्या महिन्याची आरंभीची शिल्लक म्हणून आली आहे का. ही दोन कोष्टकं बघितली की प्लॅन मुलाने स्वतः केला का, ते लगेच कळतं.

फोर प्लस वन पाथवेसाठी (डिप्लोमा मिळवायचा एक मार्ग) असेसमेंट वापरणार असाल तर ते खात्याने पाथवेसाठी मंजूर केलेल्या यादीत असायला हवं. चार रीजंट्स (राज्याच्या परीक्षा) आणि पाचव्याच्या जागी हे, असा तो हिशोब आहे. इथेही तीनपैकी दोन भाग पास होऊन चालत नाही.

मधली सुट्टी

दोघांनी सांगितलं त्यात वर्क-बेस्ड लर्निंग (प्रत्यक्ष कामातून शिकणं) आणि एम्प्लॉयबिलिटी प्रोफाइल (विद्यार्थ्याच्या कामाच्या कौशल्यांची नोंद) राहिलं.

प्रोफाइल प्रत्येक विद्यार्थ्याचं हवं, कोऱ्या नमुन्यासह एखादं भरलेलं नव्हे. शेवटच्या वर्षी जून महिन्यात सगळी एकदम भरली की सगळ्या मुलांच्या सगळ्या रकान्यांत एकच शेरा येतो. दर वर्षी एकदा, कोर्सच्या शिक्षकांनीच भरावं. काउन्सेलरना वर्गातलं काम माहीत नसतं.

वर्क-बेस्ड लर्निंगमध्ये नोंदणीकृत आणि बिगर-नोंदणीकृत हे वेगळं लिहा. करिअर एक्सप्लोरेशन इंटर्नशिप बिनपगारी असते आणि ५४ तासांना अर्धा युनिट मिळतं. को-ऑपमध्ये (शाळेशी जोडलेल्या नोकरीत) पगार मिळतो. नोंदणीकृत प्रोग्रामला त्यासाठीचं एक्स्टेन्शन (सर्टिफिकेटवरची जादा पात्रता) असलेला कोऑर्डिनेटर लागतो. तो सोडून गेला असेल आणि जागा भरलेली नसेल तर फाइलमध्ये तो प्रोग्राम दाखवू नका. शाळेचं स्टोअर चालवत असाल तर तेही मोजता येतं, पण कोण कधी गल्ल्यावर होतं, रोजचा हिशोब कोणी मिळवला, देखरेख कोणाची, याची नोंदवही ठेवा. पगारी कामावर जाणाऱ्या १८ वर्षांखालच्या मुलांचे वर्किंग पेपर्स (कामाचा परवाना) आहेत ना, तेही बघून घ्या.

आणखी एक. सीडीओएस क्रेडेन्शियल (नोकरीची तयारी दाखवणारं राज्याचं प्रमाणपत्र) घेणारी मुलं तुमच्या वर्गात असतील तर त्यांचा हिशोब वेगळा: २१६ तास सीटीई आणि वर्क-बेस्ड लर्निंग मिळून, त्यातले किमान ५४ वर्क-बेस्ड. दोन्हींचे तक्ते एकत्र करू नका.

खतावणी

मनापासून आभार. कॉलेजला ईमेल आजच गेली. ताळेबंद सर, दोन शंका आहेत. एक, आम्ही अकाउंटिंगमधून गणिताचं इंटिग्रेटेड क्रेडिट (अकाउंटिंगमध्येच शिकवलेल्या गणिताचं क्रेडिट) देतो. त्याचा क्रॉसवॉक (कोर्सचा आशय आणि गणिताची मानकं जुळवणारा तक्ता) मागच्या फाइलमध्ये फक्त ‘प्रमाण, टक्केवारी’ एवढाच आहे. पुरेल का? दोन, एक्स्टर्नल रिव्ह्यू समितीत (बाहेरून प्रोग्राम तपासणाऱ्या) कोण असावं आणि त्यांच्याकडून नेमकं काय घ्यावं?

ताळेबंद

नाही पुरणार. टक्केवारी माध्यमिकच्या खालच्या वर्गांचं गणित आहे. तिसऱ्या गणिताच्या युनिटसाठी हायस्कूलचं गणित दिसायला हवं, आणि ते अकाउंटिंगमध्ये भरपूर आहे. घसारा घ्या. १,२०० डॉलरचा संगणक, आयुष्य ५ वर्षं, शेवटी २०० डॉलर किंमत. सरळ रेषा पद्धतीने दर वर्षी २०० घसारा. पुस्तकी किंमत १,२०० वजा २०० गुणिले वर्षं. हे रेषीय फलन झालं, घसारा म्हणजे त्याचा उतार. तोच संगणक दुप्पट घटत्या शिलकीने लिहिला तर दर ४० टक्के: ७२०, मग ४३२. म्हणजे १,२०० गुणिले ०.६ चा घात वर्षं. हे घातांकी फलन. दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढायला लावा आणि मग विचारा, दुसऱ्या पद्धतीत २०० च्या खाली का जाता येत नाही? चौथ्या वर्षाअखेर १५५.५२ येतात, म्हणून त्या वर्षी घसारा २५९.२० च्या ४० टक्के म्हणजे १०३.६८ न धरता फक्त ५९.२० धरावा लागतो. गणिताचं फलन आणि हिशोबाचा नियम जिथे वेगळे होतात, ते मुलांना इथे स्वतःच्या हाताने सापडतं. असे आठ-दहा घटक, प्रत्येकासमोर गणिताचं मानक, धड्याचा आठवडा आणि मूल्यमापन, एवढं ठेवा. हे काम गणिताच्या शिक्षकांबरोबर बसूनच करा, कारण कुठलं मानक खरोखर शिकवलं जातंय आणि कुठलं नुसतं स्पर्शून जातंय, ते त्यांनाच दिसतं.

समितीत स्थानिक व्यवसायातली माणसं आणि कॉलेजचे शिक्षक हवेत. हिशोबनीस, छोटे व्यावसायिक, बँकेतला कोणी. त्यांना शंभर पानांची फाइल पाठवू नका, कोणी वाचत नाही. सेल्फ-स्टडीचा (शाळेने स्वतः केलेल्या तपासणीचा) अहवाल, कोर्सची रूपरेषा, असेसमेंटचे तीन भाग आणि मुलांचे तीन खरे प्रोजेक्ट (एक चांगला, एक मध्यम, एक कच्चा) द्या. मग विचारा: यातल्या कोणाला तुम्ही कामावर घ्याल, आणि नाही म्हणाल तर कशामुळे? उत्तरं जशीच्या तशी इतिवृत्तात लिहा आणि प्रत्येक सूचनेपुढे शाळा काय करणार ते नोंदवा. ‘समितीने समाधान व्यक्त केले’ अशा एका ओळीने रिव्ह्यू झाला असं सिद्ध होत नाही.

रोजकीर्द

सर, एक छोटी दुरुस्ती सुचवतो. आठ-दहा घटक ठीक, पण त्यांचे तासही लिहा. पूर्ण युनिटचं क्रेडिट देताय तर मागे तेवढी शिकवणी दिसली पाहिजे.

आणि खतावणी, सीआयपी क्रमांक (अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) तपासा. ५२.०३०१ म्हणजे अकाउंटिंग, ५२.०३०२ अकाउंटिंग टेक्निशियन आणि बुककीपिंग, ५२.०७०१ आंत्रप्रेन्युअरशिप. मान्यता एका क्रमांकावर आणि डिस्ट्रिक्टचा डेटा विभाग मुलांची नोंद दुसऱ्यावर करतो, असं झालं तर तुमच्या प्रोग्राममध्ये विद्यार्थीच नाहीत असं चित्र दिसतं. पर्किन्स ५ (सीटीईला निधी देणारा केंद्रीय कायदा) खाली एकाच प्रोग्रामचे किमान दोन कोर्स पूर्ण केलेला विद्यार्थी कॉन्सन्ट्रेटर धरला जातो, तेव्हा याची झळ तिथेही लागते. दर दोन वर्षांनी होणाऱ्या लोकल नीड्स असेसमेंटमध्ये (स्थानिक गरजांच्या पाहणीत) हे आकडे डिस्ट्रिक्टने काढलेलेच असतात. सेल्फ-स्टडीला तेच घ्या, नवे गोळा करत बसू नका.

मधली सुट्टी

काउन्सेलरनाही आत्ताच सांगून ठेवा. टेक्निकल एंडॉर्समेंट आणि इंटिग्रेटेड क्रेडिट मान्यताप्राप्त प्रोग्रामलाच देता येतं. मुदत मध्येच तुटली तर अकरावी-बारावीच्या मुलांचं गणिताचं क्रेडिट अडकेल, आणि त्यांना तो गणिताचा कोर्स पुन्हा वेळापत्रकात बसवायला जागा नसेल. आत्ता अकाउंटिंगला बसलेल्या मुलांपैकी किती जण या क्रेडिटवर विसंबून आहेत, ती यादी काढून सुपरिंटेंडंटकडच्या पत्राला जोडा. सही लवकर होते.